पांढऱ्या पट्ट्याखाली

उघडा काठ,
३ सप्टेंबर

आत्या,

तुझ्या तळावर तू आमच्यासाठी राखून ठेवलेली जागा आम्ही घेत नाही. नाव तुझ्या धक्क्याला लागली तेव्हा मी मुद्दाम उतरलो नाही. बायको पाच मिनिटं उतरून तुला भेटून आली, मी नावेतच बसून राहिलो. तिथून जेवढं दिसलं तेवढं पुरे झालं. जंगलात विजेचे खांब, खांबाखाली तंबू, तंबूत पंखा, पंख्याखाली एक गृहस्थ, आणि त्यांच्या मांडीवरच्या पडद्यावर जंगलाचं चित्र. तुम्ही त्याला सोयीचा तळ म्हणता. मी त्याला शहराची गळती म्हणतो.

वर आमच्या उघड्या काठावर काहीच नाही, आणि मला तेच हवं होतं. नळ नाही, दिवा नाही. शौचाचा खड्डा आपण खणायचा, नदीचं पाणी उकळून प्यायचं, आणलेला कचरा परत न्यायचा. वनखात्यानं इथंही लुडबूड केली आहेच. चढावर मातीचे चौथरे करून त्यांना आकडे दिलेत, आणि झाडांच्या बुंध्यांवर पांढरा पट्टा ओढलाय, त्याच्या वरच राहा म्हणे. आम्हाला मिळाला चौथरा क्रमांक पाच. विमा कंपनीतली टेबल क्रमांकाची जागा सोडून मी चौथरा क्रमांकावर येऊन बसू? मी तंबू खाली वाळूवर ठोकला आहे, पाण्याच्या अगदी कानाशी.

नोकरी मी सोडली, हे तुला माहीत आहे. महिनाभर इथं राहायचं आणि मग शहरातलं घर मोडून कायमचं रानात यायचं, असं आमचं ठरलंय. म्हणजे माझं ठरलंय. हिला दवाखाना बंद करावा लागेल, पण जो रानात राहतो त्याला दातांच्या डॉक्टरची गरजच पडत नाही. महिना संपेपर्यंत ती हो म्हणेल. अजून नाही म्हणालेली नाही.

फोन इथं लागत नाही, देवाची कृपा. नावाडी एक दिवसाआड येतो. त्याच्याकडे पत्र देत जाईन. तो फारसं बोलत नाही, आणि मीही त्याला काही विचारत नाही.

तुझा,
पंत


सोयीचा तळ,
५ सप्टेंबर

चि. पंत,

सहाव्या वर्षी तू मला चहा कसा गाळावा हे समजावून सांगितलंस, तेव्हा तुझं हे नाव मीच ठेवलं होतं. त्यात बदल करावा असं त्यानंतर तू काही केलं नाहीस.

माझ्या गिऱ्हाइकांची टवाळी तू करू नकोस. तो माझा हक्क आहे आणि मी तो रोज बजावते. काल एक कुटुंब आलं, त्यांनी गवतावर प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. एका बाईंना नदीसमोरची जागा हवी होती, पण ओल नको होती. एकानं शेकोटी मागितली आणि वर विचारलं, पेटवलेली मिळते का. मी दिली पेटवून. अशा लोकांवर मी जगते आणि त्यांच्यावर मनातल्या मनात थुंकते, दोन्ही कामं नेमानं करते. पण तुझ्यापेक्षा ते बरे. आपण मऊ आहोत हे त्यांना माहीत असतं. तू तेवढाच मऊ आहेस, फक्त नदीकाठी बसून दाढी वाढवतोयस.

दोन गोष्टी सांगते. खाण्याची पिशवी दोरानं झाडावर उंच टांग, अस्वलं आहेत. आणि तंबू पांढऱ्या पट्ट्याच्या वर ने. का, ते विचारू नकोस. तुला काही समजावून सांगायचं म्हणजे त्यावर तुझं व्याख्यान ऐकायचं, आणि मला दोनशे चादरी धुवायला टाकायच्या आहेत.

सूनबाईला मात्र इकडे पाठव. त्या पाच मिनिटांत तिनं माझ्या स्वयंपाक्याची दुखरी दाढ पाहिली, त्याला काय करायचं ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि हात धुऊन नावेत जाऊन बसली. मला माणसांची पारख आहे. माझ्यानंतर हा तळ कोण बघणार, हा प्रश्न मला कधीपासून छळतोय. कचेरीमागची खोली रिकामीच आहे. तिथं तिनं खुर्ची टाकली तर अर्धा दिवस दात बघेल, अर्धा दिवस तळ. तू काय करशील ते मला माहीत नाही. आजवर तरी कधी माहीत नव्हतं.

आत्या


उघडा काठ,
९ सप्टेंबर

आत्या,

तुझं अस्वल येऊन गेलं. पिशवी मी टांगली होती, पण फार उंच नाही, कारण उंचीवर टांगणं म्हणजे अविश्वास दाखवणं. पाव, लोणी, साखर, सगळं गेलं. मी त्याला चोरी म्हणत नाही. आम्ही अन्न वाटून घेतलं. ही म्हणाली की वाटून घेतलं म्हणायला आपल्या वाट्याला काहीतरी यावं लागतं. आता ही तांदूळ शिजवते आणि मी त्याबद्दल कृतज्ञता बाळगतो.

पांढऱ्या पट्ट्याचं म्हणशील, तर तुला गंमत सांगतो. पंधरा वर्षं मी हेच काम केलं, कुठल्या घराला कधी पाणी लागेल याचा हिशेब. पट्टा म्हणजे आजवर चढलेल्या सगळ्यांत मोठ्या पुराची खूण. असा पूर पिढीतून एकदा येतो. तो नेमका आमच्या महिन्यात येण्याची शक्यता किती, हे मी वाळूवर काडीनं मांडून दाखवलं. ही बघत होती. मग उठली, दुसरा तंबू चढावर नेऊन पाच क्रमांकाच्या चौथऱ्यावर ठोकला. सामानासाठी, म्हणाली. आता सामानाबरोबर ती स्वतःही तिथंच झोपते, सामानाला एकटं वाटू नये म्हणून.

आणि एक बोलायचं आहे. ही रोज सकाळी निघते आणि उन्हं कलताना परत येते. केस ओले असतात, चेहऱ्यावर हसू असतं. जंगलात बाईमाणसाला आपोआप हसू येत नाही, आत्या, मला कळतं. काठानं चालत ती तुझ्याकडे येते, तुझ्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात उभी राहते आणि तुझ्याशी माझ्याबद्दल बोलते. मी तिला विचारलेलं नाही. विचारणं मला खालच्या पातळीचं वाटतं. पण तुला सांगतो, तू माझा महिना नासवते आहेस.

पंत


सोयीचा तळ,
११ सप्टेंबर

चि. पंत,

हो, येते ती. रोज येते. भरपूर गरम पाण्यानं न्हाते, माझ्याबरोबर चहा घेते आणि तुझ्याबद्दल अवाक्षर काढत नाही, एवढं तिला पुरतं. परवा आम्ही कचेरीमागची खोली पाहिली. तिथं खिडकी कुठं पाडायची यावर आमचं जवळजवळ एकमत झालंय. तू तुझं हो ऐकायला महिना थांब. मी माझं ऐकलं.

तंबू वर ने. तुझ्या काडीनं मांडलेल्या हिशेबाला मी काय म्हणते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आत्या


(वेगळी चिठ्ठी, त्याच नावेनं)

११ सप्टेंबर

सूनबाई,

ही चिठ्ठी नावाडी तुझ्याच हातात देईल, तसं त्याला बजावलं आहे. तुझा नवरा लिहितो की तू रोज माझ्याकडे येतेस. तू आलीस एकदाच, पाच मिनिटं. मी त्याला कळवलंय की हो, रोज येतेस. न्हाणीघर, चहा, खोलीची खिडकी, सगळं रंगवून. त्याचं नाक खाली होत असेल तर मी एवढं करतेच.

पण आता तू जातेस कुठं, ते मला कळव. काळजी म्हणून नव्हे. आपलं दोघींचं खोटं एकमेकींशी जुळलेलं बरं. आणि खोलीचं मी खरंच बोलते आहे.

आत्या


उघडा काठ,
१५ सप्टेंबर

आत्या,

अभिनंदन. तू जिंकलीस.

काल सकाळी मी डोळे मिटून नदी ऐकत बसलो होतो. मागून ही म्हणाली, “मी जाते आहे. शोधू नकोस.” मी डोळे उघडले नाहीत, कारण एकदा बसलं की मध्ये उठायचं नाही असा माझा नेम आहे. नाव सुटल्याचा आवाज आला. उठलो तेव्हा चौथरा क्रमांक पाच रिकामा होता. दुसरा तंबू, सामान, तांदूळ, भांडं, सगळं गेलं. अस्वलानं निदान भांडं ठेवलं होतं.

ठेव तिला. गरम पाण्यात बुडवून ठेव. मी तिला आणायला तुझ्या त्या तंबूबाजारात पाऊल टाकणार नाही, हे तिला सांग. ती सुरक्षित आहे, सुखात आहे आणि चुकलेली आहे, एवढं मला पुरतं. वरच्या डोंगरात कालपासून गडगडतंय. नदीचा रंग मातकट झालाय, फार सुंदर दिसतो. तो तुमच्या न्हाणीघरातून दिसणार नाही.

पंत


सोयीचा तळ,
१७ सप्टेंबर

पंत,

हे पत्र कोण नेणार, मला माहीत नाही. पाणी चढतंय, नाव बांधून ठेवली आहे आणि नावाडी पलीकडच्या काठाला अडकलाय. तुझं पंधराचं पत्र मला आज सकाळी मिळालं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहीत बसले आहे.

ती माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. मी थाप मारली होती. तू कुढत बसशील आणि मला दोन दिवस बरं वाटेल, एवढाच हेतू होता. चौदा तारखेपासून मला ती तुझ्याजवळ आहे असं वाटत होतं आणि तुला ती माझ्याजवळ. आपण दोघं मजेत होतो.

आणि ऐक, तुझा तो पट्टा. तो मोठ्या पुराचा नाही रे. वनरक्षक दर वर्षी पाणी ओसरलं की जुना पट्टा खरवडून नवा ओढतात, गेल्या पावसात पाणी जिथवर आलं तिथं. गेलं वर्ष कोरडं गेलं. त्या पट्ट्यापर्यंत पाणी दर वर्षी येतंच, पिढीबिढी काही नाही. हे मी तुला पहिल्याच पत्रात एका ओळीत लिहू शकले असते. मला चादरी महत्त्वाच्या वाटल्या.

दुपारी तुझा नारिंगी तंबू इथून वाहत गेला. पाण्यावर बसून, सावकाश गोल फिरत. माझी सगळी गिऱ्हाइकं काठावर जमली, फोटो काढले. एकानं मला विचारलं की हा आजच्या कार्यक्रमातला भाग आहे का. मी तंबूकडे बघत होते. चेन वरपासून खालपर्यंत लावलेली होती. आत कोणी आहे की नाही, ते दिसत नव्हतं.

पत्र इथंच थांबवते. पाणी जरा उतरलं की मी स्वतः वर येते आहे. तुम्ही दोघं मला वर दिसलात तर मी एक शब्द बोलणार नाही, वचन देते.

आत्या


सोयीचा तळ, तंबू क्रमांक बारा,
२० सप्टेंबर

प्रिय,

तू नदीच्या आणखी वरच्या काठावर आहेस, तिथं एकच चौथरा आहे आणि तू सुखरूप आहेस, हे नावाड्यानं काल सांगितलं. मी त्याला म्हटलं की हे तू आधी का नाही बोललास. तो म्हणाला, कोणी विचारलं नाही. त्या दिवशी नाव खाली न जाता वर गेली होती तर! आवाजावरून मला ते कळायला हवं होतं, पण मी त्या वेळी नदी ऐकत होतो.

माझ्याबद्दल आत्या तुला काहीबाही लिहील म्हणून मीच लिहितो. मी अगदी योग्य वेळी तंबू सोडला. पाणी गादीपर्यंत आलं होतं एवढंच. बाहेर पडताना सवयीनं चेन लावली, डास आत जाऊ नयेत म्हणून; तंबू पुढे आत्याच्या डोळ्यांदेखत वाहत गेला. मग पाच क्रमांकाच्या चौथऱ्यावर पावसाचा प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर धरून बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या नावेतून आली. तिनं मला पाहिलं आणि खाली बसली. मग उठून मला शिव्या दिल्या. तिनं काही वचन दिलं होतं असं नंतर कळलं, पण ते पाळलं नाही.

इथं मला तात्पुरतं राहावं लागतंय. शेजारच्या तंबूतले लोक जेवताना गाणी लावतात. अंघोळीला पाणी मात्र हवं तेवढं तापतं.

मी खूप विचार केला आणि एका निर्णयाला आलो आहे. शहरातलं घर मोडायचं हे कायम, पण उघड्या काठावर न राहता आपण आत्याबरोबर राहू. शहरातल्या लोकांना मी रानात नेईन आणि कसं राहायचं ते समजावून सांगेन. या अनुभवानंतर तो अधिकार मला आला आहे. तू कचेरीमागच्या खोलीत दात बघ. म्हणजे तुझंही राहिलं आणि माझंही. पुढच्या नावेनं ये. मी तुझ्यावर रागावलेलो नाही.

तुझाच

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

सूनबाई, हा माणूस माझ्या दादाचा मुलगा आहे, नाहीतर मी याला चौथऱ्यावरच ठेवला असता. खिडकीचं काम आजपासून सुरू केलंय, पूर्वेकडे पाडते आहे. तू यावंस असं मला वाटतं. मला कोणाला असं सांगायची सवय नाही, तेव्हा यापेक्षा जास्त लिहिणार नाही. आत्या.


वरचा काठ,
२२ सप्टेंबर

आत्याबाई आणि पंत,

दोघांना एकच पत्र लिहिते. तुम्ही दोघं एकाच पत्रावर लिहिता, तर वाचालही एकत्र.

आत्याबाई, तुमची चिठ्ठी मला मिळाली होती. मी कुठं जाते हे तुम्ही विचारलंत, पण खोटं जुळवायला. म्हणून उत्तर दिलं नाही. मी काठानं वर चालत जायचे. तिथं एक डोह आहे, त्यात पोहायचे. केस त्यामुळे ओले असायचे. एवढंच होतं. पंत, तू मला विचारलं असतंस तर तुला दाखवलाही असता. तू आत्याबाईंना विचारलंस.

पुढे त्याच डोहाजवळ येऊन राहिले. मला उघडा काठ आवडतो, हे तुमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पंतला वाटलं मला गरम पाणी हवं आहे, आत्याबाईंना वाटलं मला खोली हवी आहे. मला खड्डा खणायला जमतं, ओली लाकडं पेटवायला जमतं आणि पिशवी उंच टांगायला जमतं. मला जमत नव्हतं ते एकच. हे सगळं मी करत असताना शेजारी बसून कोणीतरी त्याचा अर्थ सांगत असायचं, ते ऐकून घेणं.

पट्टा दर वर्षी नवा ओढतात, हे मी पहिल्याच दिवशी नावाड्याला विचारलं होतं. पंत, तुला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तू काडीनं गणित मांडत होतास आणि मला म्हणालास, “मध्ये बोलू नकोस, आकडा चुकेल.” मग मी माझा तंबू उचलला. तुझाही उचलून वर नेऊ शकले असते. हा विचार मी इथं बसून पुष्कळदा केला आणि दर वेळी या ठिकाणी आले, की तू तो परत खाली नेला असतास.

पाणी चढलं त्या दिवशी मला भीती वाटली. चौथऱ्याच्या कडेपर्यंत आलं होतं. मी सामान बांधून उभी होते. पंत खाली वाळूवर असेल हे मनात येत होतं आणि माझ्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. ते फार वाईट होतं, ते मी लपवत नाही. तू जिवंत आहेस हे ऐकून मी नावाड्यासमोर रडले. हेही लपवत नाही. मग तुझं पत्र वाचलं.

पत्रात तू निर्णय घेतला आहेस. आधीचाही तूच घेतला होतास. आत्याबाईंनी खिडकी पाडायला घेतली आहे. या महिन्यात तुम्ही दोघांनी मिळून माझं घर मोडलं, दवाखाना बंद केला, खुर्ची हलवली आणि पूर्वेचा उजेड आणला. मी बसायचं तेवढं बाकी ठेवलंत. एकमेकांना तुच्छ लेखायचा तुम्हाला एवढा शौक आहे की मधलं माणूस राहिलं की वाहून गेलं, हे पाहायला तुम्हाला तंबू वाहत जावा लागला. आणि तोही रिकामा निघाल्यावर तुम्ही होतात तसे झालात.

म्हणून माझं उत्तर. महिना संपायची वाट बघत नाही. दवाखाना बंद होणार नाही. सोमवारपासून उघडते आहे, माझे पेशंट तोंड सुजवून बसले असतील. शहरातलं घर मोडणार नाही, मी त्यात राहणार आहे. पंत, तू तिथं परत येऊ शकतोस का, हे तू विचारलेलं नाहीस. विचारशील तेव्हा विचार करीन. त्याआधी कोणाला समजावून सांगू नकोस की मी काय म्हणणार आहे.

आत्याबाई, खोलीला नाही. पण तुमची शेवटची ओळ मी दोनदा वाचली. त्या ओळीपुरता तुमचा राग धरलेला नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात आठ दिवस मी इथं येईन, याच चौथऱ्यावर, एकटी. जाताना तुमच्याकडे चहाला थांबेन. चहा माझा मी गाळून घेईन.

रविवारी सकाळी नाव मला न्यायला येते आहे. खाली जाताना ती तुमच्या धक्क्यापाशी थांबणार नाही, नावाड्याशी तसं बोलले आहे. तुमच्यापैकी कोणी काठावर उभं राहून हात हलवू नये. माझे दोन्ही हात सामानात अडकलेले असतील, आणि मग तुम्ही दोघं बसाल ठरवत, की मी हात का नाही हलवला.